न केलेल्या ऑपरेशनचा मान

इंद्रजितला काही म्हणजे काही दुखत नव्हतं. पण पडून असा होता, की बघणाऱ्याला वाटावं ह्याच्या अंगावरनं उसाची ट्रॉली गेलीय. पाठीला लोड, गुडघ्याखाली उशी, अन् समोर सोनिया शिऱ्याची वाटी घेऊन उभी.

"आवं, उठताय कशाला? पडा की गप."

"संडासला जातो गं."

"मग हाक मारायची. थांबा, धरते."

आता बायकोनं दंडाला धरल्यावर माणसानं चालायचं कसं? पाय फाकवून, दात खाऊन, मधनंच "आं" करत. इंद्रजित तसाच चालला. अन् आत जाऊन कडी लावल्यावर भिंतीला डोकं टेकून उभा राहिला गडी, अन् स्वतःला अशा शिव्या घातल्या, अशा घातल्या, की इथं सांगायची सोय नाही.

कारण ऑपरेशन झालंच नव्हतं!

इंद्रजित मूळचा औंधच्या पलीकडचा. घराणं मेंढरांचं. म्हातारा तात्याबा अजून खांद्यावर घोंगडं टाकून कळपामागं फिरतो, पण पोरगं शिकलं अन् कुपवाडला एमआयडीसीत मशीनवर लागलं. सोनिया बायको. चार वर्षांची ओवी, अन् आता हे पाळण्यातलं बाळ, मुलगा. धोंडुबाई, म्हणजे इंद्रजितची आई, नातवाचं तोंड बघून म्हणाली, "जोडी झाली. आता थांबा बाबांनो." थांबायचं, ह्यावर सगळ्यांचं एकमत. अन् थांबायचं म्हणजे सोनियाचं ऑपरेशन, ह्यावर तर कुणी बोललंसुद्धा नाही. ते कुणी बोलतं का? पाऊस वरनं खाली पडतो, तसं ते.

पण बाळाच्या वेळचं ऐका. दुसरं सिझर. कमरेत भूल दिली अन् सोनियाचं बीपी असं कोसळलं, की आत नुसती पळापळ. त्याच टेबलावर तिची नसबंदी उरकायची ठरलेली, पण डॉक्टर म्हणाले, आधी बाई वाचू दे. वाचली. दोन दिवसांनी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं, की तिसरं मूल आता हिच्या जिवावर बेतेल. अन् परत भूल द्यायची, परत पोट उघडायचं, हेही शक्यतो नको. पुरुषाचं सोपं असतं. एक सुई, दहा मिनिटं, टाका नाही काही नाही.

अन् इंद्रजितच्या तोंडातनं गेलं, "करतो की. माझं करा."

सोनियानं असं बघितलं त्याच्याकडं! लग्नात नव्हतं बघितलं तसं. त्या बघण्यावर गडी पुढं महिनाभर हवेत होता.

मग तारीख आली. बाळाला ताप, म्हणून सोनिया घरी राहिली अन् हा एकटाच गाडीवर सांगलीला गेला. दवाखान्यात बाकड्यावर ओळीनं बाया, शेजारी त्यांच्या आया. हा मधे. वॉर्डातली मावशी आली अन् म्हणाली, "दादा, बाहेर थांबा. पेशंट कुठाय तुमचा?"

"मीच पेशंट."

बायांनी पदर तोंडाला लावले. एक म्हातारी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "लेकरा, घरात बाई न्हाई व्हय रं?"

तरी तो आत गेला. टेबलावर झोपला. डॉक्टर बिचारा चांगला माणूस, परत परत सांगत होता, "फक्त नळी बांधायची. बाकी सगळं जिथल्या तिथं. जोर तोच, आवाज तोच, कामात काही फरक नाही." इंद्रजितच्या डोक्याला सगळं पटत होतं. पण मग पलीकडं कुणीतरी ट्रेमध्ये हत्यारं ठेवली अन् खण्ण आवाज झाला.

तात्याबानं आयुष्यात किती मेंढे खच्ची केले, त्याला गणती नाही. अन् पाय धरायला कोण? इंद्रजित. पोर असल्यापासनं. मेंढा आधी धडपडतो. मग एक आवाज काढतो, खोल, पोटातला. मग गप होतो. अन् गप झाल्यावर पाय धरणाऱ्याकडं बघतो. त्यानंतर तो मेंढा अंगानं भरतो, लोकर चांगली देतो, पण ढुशी मारत नाही. कळपाच्या पुढं कधी चालत नाही. पोरं त्याच्या पाठीवर बसतात, तरी तो काही म्हणत नाही.

डोकं म्हणत होतं, अरे येड्या, ते वेगळं अन् हे वेगळं. पण पायांना कोण समजावणार? पाय टेबलावरनं खाली उतरले. "डॉक्टर, आलो जरा," एवढंच म्हणाला, पँट चढवली, अन् जिन्यानं खाली, स्टँडवरची गाडी काढून जो सुटला तो कृष्णेच्या घाटावर. तिथं दुपारभर बसला. परत जाऊ, नको, जाऊ, नको. ऊन कललं. घरी जाऊन सांगायचं, भ्यालो म्हणून, असं ठरवूनच निघाला. अन् दारात सोनिया, कडेवर तापलेलं पोर, डोळे रडून सुजलेले. म्हणाली, "लय दुखलं का वं?"

आता तुम्ही असता तर काय बोलला असता?

"न्हाई," तो म्हणाला. "थोडंसंच."

झालं. तिथनं सुरू झालं सगळं.

एक गोष्ट मात्र त्याला सावरून धरणारी होती. प्रांजल नावाची सिस्टर होती दवाखान्यात, तिनं सोनियाला आधीच सांगून ठेवलेलं, की पुरुषाचं ऑपरेशन झालं तरी पुढचे तीन महिने सांभाळून राहायचं, मग एक तपासणी, मगच निर्धास्त. सोनियानं ते देवाच्या उपासासारखं धरलं. त्याचं तिचं अंथरूण वेगळं. इंद्रजित मनात म्हणाला, चला, तीन महिने आहेत. तेवढ्यात गुपचूप जाऊन करून येऊ. खोटं मागनं खरं करायचं, एवढंच तर.

गेला की! सुट्टी टाकून गेला. दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेला, गाडी बंद केली, परत चालू केली. आणखी एकदा गेला. त्या वेळी तर फाटकाच्या आत पाऊल टाकून आला.

अन् घरी काय चाललेलं? सोनिया त्याला घागर उचलू देईना. गॅसची टाकी आली तर स्वतः आत ओढत न्यायची. जिचं पोट दोनदा फाडलंय ती बाई टाकी ओढतीय, अन् हा धडधाकट गडी खाटेवर बसून बघतोय! "आगं, ठेव. बरा झालोय मी," हा म्हणायचा. ती म्हणायची, "माझ्यासाठी केलंसा, आता माझं बी ऐका जरा." प्रत्येक वेळी तो सांगायला तोंड उघडायचा अन् प्रत्येक वेळी पाणी मागायचा. जितका उशीर, तितकं सांगणं जड. तुम्हाला ठाऊक आहे ते.

मग धोंडुबाई आली कुपवाडला. पिशवीत लाडू, तूप, बाजरीचं पीठ. आल्या आल्या म्हणाली, "सोनिये, ऑपरेशन उरकून घे. महिनाभर ऱ्हाते मी तुझ्यापाशी."

अन् सोनियाला इतके दिवस दाबून ठेवलेलं कौतुक आवरेना. "आत्या, माझं कशाला? ह्येंनी केलंय की त्येंचं!"

धोंडुबाईच्या हातातला लाडूचा डबा तसाच राहिला. लेकाकडं बघितलं. वरनं खालपर्यंत बघितलं. इंद्रजितला वाटलं, आता आईला कळणार, आईला कळतंच. पण ती नुसती म्हणाली, "आरं द्येवा." अन् महिनाभर राहायला आलेली बाई दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं परत गेली.

पुढचं सांगायला नको. धोंडुबाईनं नवऱ्याला सांगितलं, तात्याबा कुणाशी बोलला नाही, पण भिंतींना कान असतात अन् वाड्यावस्त्यांवर तर कुडाच्या भिंती. चुलतभाऊ केरबाचा फोन आला.

"इंद्रा, कापलं म्हनं?"

"कोन म्हनलं?"

"आख्खं गाव म्हनतंय गड्या. मिशा हायत का गेल्या रं?"

"ठिव फोन."

"आयला, आवाज तर बारीक झालाय!"

आता ही गंमत बघा. ज्या गोष्टीला भिऊन गडी टेबलावरनं पळाला, ती गोष्ट न करताच त्याच्या मागं लागली. केलं नाही ते नाहीच, अन् बदनामी मात्र रोख!

कंपनीत कुणाला ठाऊक नव्हतं, तेवढं ठीक होतं. पण गावची बिरोबाची जत्रा आली. अन् जत्रेला न जाऊन चालणार नव्हतं, कारण गजीच्या खेळात पहिला ढोल इंद्रजितचा. तात्याबाचा होता, म्हाताऱ्याचे खांदे थकल्यावर इंद्रजितच्या गळ्यात आला. पहिल्या ढोलावर सगळा खेळ फिरतो. पांढरे झगे घातलेले गडी, हातात रंगीत रुमाल, मधे ढोल अन् झांजा, अन् पहिला ढोल जसा बोलेल तशी पावलं.

दुपार कलली होती. देवळापुढं भंडाऱ्यानं माती पिवळी झालेली. इंद्रजित झगा घालून, फेटा बांधून आला तर पहिला ढोल केरबाच्या गळ्यात.

"केरबा, आन हिकडं."

केरबानं तात्याबाकडं बघितलं. तात्याबानं लेकाकडं बघितलंच नाही. काठीच्या टोकानं मातीत रेघा मारत म्हणाला, "ह्या साली तू बस."

"का आबा?"

"बस म्हनलं न्हवं."

"का ते सांगा की."

"द्येवापुढं अख्खं जनावर लागतं."

एवढंच म्हणाला म्हातारा. हळू म्हणाला. पण पारावरच्या सगळ्यांनी ऐकलं. कुणीतरी फिसकन हसलं. केरबा म्हणाला, "आरं, बसू दे की त्याला बायांच्यात. सावली हाय तिकडं." मग एक म्हातारा म्हणाला, "न्हाई, पर अंगानं भरला बरं का पोरगा! खच्ची मेंढा भरतोच." अन् मग सगळा पार हसला. झगेवाले हसले, झांजवाले हसले, पाणी वाटणारा हसला.

इंद्रजितच्या कानशिलात नुसता ढोल. जिभेच्या शेंड्यावर चार शब्द होते. *केलं न्हाई मी काय.* एवढं म्हटलं की संपलं! केरबाच्या गळ्यातनं ढोल उतरेल, म्हातारा मान वर करेल, सगळे पाठीवर थाप मारतील, वाघा, आमाला गंडवलं व्हय रं! चार शब्द. पण पाराच्या डाव्या अंगाला बाया बसलेल्या, अन् त्यात सोनिया. बाळ मांडीवर. ती बघत होती.

त्यानं तोंड उघडलं. खरंच उघडलं. शब्द निघणारच होता.

अन् सोनिया उठली.

पदर डोक्यावरनं पुढं ओढला, बाळ कडेवर घेतलं, अन् बायांच्यातनं निघून सरळ पुरुषांच्यात आली. सासऱ्यापुढं मोठ्यानं खोकलीसुद्धा नव्हती ती बाई आजवर. धोंडुबाई मागनं "आगं सोनिये, सोनिये" करतीय. तात्याबापासनं चार हातांवर येऊन थांबली.

"मामा, बोलते म्हनून राग धरू नगा."

म्हाताऱ्यानं काठीची रेघ तशीच पुढं ओढली.

"माझ्या पोटावर दोनदा सुरी चालली. तवा कुनी म्हनलं न्हाई, की ही आता अख्खी ऱ्हायली न्हाई, हिला चुलीम्होरं बसू दिऊ नगा. दुसऱ्या म्हयन्यात भाकरी थापत हुते मी. डॉक्टर म्हनलं, आता परत हात लावला तर बाई जाईल. तवा तुमचा ल्योक फुडं झाला. न सांगता झाला. हितं हसनाऱ्यातला एक तरी हुईल का?" बाळ पदर ओढायला लागलं, तिनं त्याला दुसऱ्या कडेला घेतलं, पण थांबली नाही. "मी जित्ती हाय ती त्येंच्यामुळं. त्येंच्या हातनं ढोल वाजला तर द्येवाला इटाळ हुनार असंल, तर मग माझ्या हातची भाकर बी खाऊ नगा."

झांजवाल्याच्या हातात झांज तशीच लटकलेली. धोंडुबाई पदरानं तोंड पुसत एवढंच म्हणाली, "खरं हाय तिचं."

अन् तात्याबा उठला. वाटलं, आता काठी घालतोय सुनेच्या डोक्यात. पण तो केरबाकडं गेला, त्याच्या गळ्यातनं ढोलाचा पट्टा काढला, अन् स्वतःच्या हातानं इंद्रजितच्या गळ्यात घातला. भंडाऱ्याची मूठ त्याच्या कपाळाला फासली. म्हाताऱ्याचे डोळे भरलेले.

"चुकलं माझं. वाजीव."

अरे, त्या वेळी धरणीनं पोटात घेतलं असतं तरी बरं! सगळे बघतायत. बाप बघतोय. बायको बघतीय, तिचा चेहरा तर असा, जणू कुणी तिचाच सत्कार केलाय. सांगायचं असेल तर आत्ता सांग, इंद्रजित मनात म्हणाला. आत्ता. ह्यानंतर नाही.

अन् त्यानं वाजवला.

सुरुवातीला हात जड होता. मग रुमाल उडायला लागले, पावलं धरली, चांगभलंचा गजर झाला, अन् हात आपोआप चालायला लागले. असा वाजवला, असा वाजवला, की म्हातारी माणसं म्हणाली, तात्याबाच्या ज्वानीत असा वाजायचा. केरबानं येऊन पाय धरले, "माफ कर गड्या." ज्यानं काही केलंच नव्हतं, त्याला मान मिळाला. अन् तो त्यानं घेतला, घामानं भिजेपर्यंत घेतला.

खेळ संपल्यावर सोनिया पाण्याचा तांब्या घेऊन आली. इकडं तिकडं बघितलं, अन् अगदी हळू, लाजत म्हणाली, "तीन म्हयनं सरलं बरं का."

"हां... पर तपासनी?"

"आता कशाला तपासनी? द्येवापुढं सांगून झालं की."

त्यानं तांब्या तोंडाला लावला, तो रिकामा होईस्तोवर खाली घेतला नाही. ती हसली. घर पाहुण्यांनी भरलेलं, बाया आत, गडी अंगणात, म्हणून ती रात्र निभावली. पण सकाळी निघायचंच होतं. ओवी आजीपाशी राहणार म्हणाली. म्हणजे घरी दोघंच, अन् पाळण्यातलं बाळ.

सकाळी गाडीवर मागं सोनिया, मांडीत बाळ. विटा गेलं. सोनिया मागनं बोलतीय, लय खूश, "मामा आज मला म्हनलं, पोरी, जपून जा. पोरी म्हनलं! कवा म्हनलं न्हवतं." हात त्याच्या खांद्यावर. इंद्रजितला तो हात निखाऱ्यासारखा लागत होता. तासगावच्या अलीकडं बेदाण्याची शेड लागली, हिरव्या जाळ्या वाऱ्यानं फडफडतायत. तिथं त्यानं गाडी कडेला घेतली.

"पंचर का?"

"न्हाई. उतर जरा."

ती उतरली. तो गाडीवरच बसून राहिला, तोंड पुढं. मागं वळून सांगायची ताकद नव्हती.

"सोनिया, मी केलं न्हाई."

"काय?"

"ऑपरेशन. पळून आलो व्हतो."

ती हसली आधी. "गप बसा, सकाळ सकाळ कसली मस्करी." मग त्याची मान बघितली, पुढं गेली, तोंड बघितलं. हसू तोंडावर राहिलं अन् डोळ्यातनं गेलं. एक टेम्पो हॉर्न मारत गेला, बाळ दचकून रडायला लागलं, तिनं त्याला थोपटलंसुद्धा नाही.

"मग काल मी कुनासाठी बोलले?"

तो आरशावरची धूळ अंगठ्यानं पुसायला लागला.

"आख्ख्या गावापुढं. मामांच्या तोंडावर. कुनासाठी बोलले मी?"

"सांगनार व्हतो गं..."

"कवा? पोट आल्यावर?"

ती चालायला लागली. रस्त्याच्या कडेनं, बाळाला घेऊन, चपलेत खडी जातीय तरी. तो गाडी बंद करून ढकलत मागनं. "सोनिया, ऐक. भ्यालो मी. आबा मेंढं खच्ची करायचं, मी पाय धरायचो, त्ये डोळ्यापुढं..."

ती गर्रकन वळली. "पळालासा त्येचं मला काय न्हाई! भ्या सगळ्यांलाच वाटतं. मला बी वाटलं व्हतं. पर मला कुठं दार व्हतं पळायला? पोर पोटातच व्हतं माझ्या." चपलेतली खडी तिनं झटकली. "तुमी घरी यिऊन म्हनला असतासा, सोनिया, भ्यालो, तर मी काय हाकलून दिलं असतं? आवं, मी टाकी उचलली. शिरा चारला. त्ये बी सोडा. काल ढोल गळ्यात घातला तवा तुमी वाजवलासा. माझ्याकडं बघून वाजवलासा."

इंद्रजित हँडल धरून उभा. त्याला वाटलं आता ही म्हणणार, माहेरी सोडा. किंवा गाडी फिरवा, गावात जाऊन सांगा सगळ्यांना. ह्यातलं काहीही चाललं असतं त्याला. पण ती पदरानं तोंड पुसून गाडीवर बसली अन् म्हणाली, "दवाखान्यात घ्या. सांगलीला."

"व्हय. करतो. आज करतो बघ मी..."

"तुमचं न्हाई. माझं."

"आगं पर डॉक्टर..."

"चालवा गाडी."

गाडी सांगलीकडं निघाली. अन् तिचा हात आता त्याच्या खांद्यावर नव्हता, मागच्या कडीला होता.

दवाखान्यात प्रांजल सिस्टर भेटली. सोनियानं बाळाला खांद्यावर घेत सांगितलं, "सिस्टर, माझं नाव घाला. पोटाच्या ऑपरेशनला."

"तुमचं? अहो, तुम्हाला भूल सोसत नाही. मोठ्या डॉक्टरांनी नको म्हटलंय ना? मिस्टरांचं करायचं ठरलं होतं."

"ठरलं व्हतं."

सिस्टरनं इंद्रजितकडं बघितलं. त्याची नजर फरशीवर. सिस्टर समजली काय समजायचं ते. हळू म्हणाली, "ताई, जिवाला धोका आहे."

"धोका तर हाईच की," सोनिया म्हणाली. "हितं असंल न्हाईतर घरी असंल. हितं निदान मी सवता आले म्हनून असंल. दुसऱ्याच्या शब्दावर जीव टाकून झोपायचं, त्ये मला आता जमनार न्हाई."

इंद्रजितला वाटलं, तिनं कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

"सिस्टर," तो म्हणाला, "माझं आज हुईल का?"

"डॉक्टर आहेत. होईल. ताईंच्या मात्र आधी तपासण्या कराव्या लागतील, रक्त, हृदय सगळं, पुढच्या आठवड्यात."

"तिचं नगं. माझं करा."

"तुमचं तुमी बघा," सोनिया त्याच्याकडं न बघता म्हणाली. "माझं मी बघते. सिस्टर, घाला नाव."

सिस्टरनं दोघांची नावं घातली.

अन् तो आत गेला. तेच टेबल. अन् पलीकडं परत तो खण्ण आवाज झाला, अन् पाय परत हलले! हलले म्हणजे हललेच, एक तर टेबलाखाली लोंबायला लागला. डॉक्टर म्हणाला, "दादा, जबरदस्ती नाही. नको असेल तर उठा, आत्ताच सांगा."

दाराला पडदा होता, अर्धवट. पडद्याखाली सोनियाचे पाय दिसत होते. बाकड्यावर न बसता ती दाराशीच खाली बसलेली, बाळ मांडीवर. तिला आत बघायचंसुद्धा नव्हतं, पाठ होती इकडं. टाचा भेगाळलेल्या, अन् रस्त्याची धूळ. बाहेर पडायचं असेल तर तिला ओलांडून जावं लागलं असतं.

ओलांडून जाता आलं असतं, हे त्याला कळत होतं. तिनं अडवलं नसतं. तीच तर भीती होती, की ती अडवणार नाही. ती फक्त पाय जवळ घेईल, ह्याला वाट देईल, अन् पुढच्या आठवड्यात स्वतः येऊन ह्या टेबलावर झोपेल. अन् मग ती इथनं उठेल का नाही, कुणी सांगावं.

"करा," तो म्हणाला. तोंड भिंतीकडं केलं. "पर झटक्यात करा डॉक्टर. अन् माझे पाय धरा कुनीतरी."

मावशीनं पाय धरले. सुई टोचली, तो ओरडला, बाहेर बाया हसल्या असतील नसतील, त्याला ऐकू आलं नाही. घामानं उशी भिजली. मग डॉक्टर म्हणाला, "उठा."

एवढंच होतं होय, असं त्याला वाटलं. अन् मग एवढंच होतं म्हणूनच इतकी लाज वाटली, की उठवेना.

बाहेर आला. सोनिया उठून उभी राहिली. तो काही बोलणार तेवढ्यात ती त्याच्या शेजारनं पुढं गेली, पडदा बाजूला केला अन् आत डॉक्टरांना विचारलं, "डॉक्टर, ह्येंचं खरंच झालं का?"

डॉक्टर गोंधळला. "झालं की ताई. आत्ताच तर केलं."

"तुमी केलं? तुमच्या हातानं?"

"हो, हो. तीन महिन्यांनी तपासणीला आणा, मग काही काळजी नाही."

ती बाहेर आली. प्रांजल सिस्टर हसत म्हणाली, "मग ताई, तुमचं नाव काढून टाकू आता?"

सोनियानं बाळाचं टोपडं नीट केलं. लय वेळ नीट केलं.

"तपासण्या करून घेते मी पुढच्या आठवड्यात. अन् तीन म्हयन्यांनी ह्येंच्या तपासनीला मी सवता येनार, रिपोट माझ्या हातात द्यायचा. तवर काढू नगा."

सिस्टरनं इंद्रजितकडं बघितलं. सगळ्या बाकड्यानं बघितलं. तो भिंतीला धरून उभा होता.

"राहू द्या तिचं नाव," तो म्हणाला. "ती म्हनंल तवर राहू द्या."

गाडी दवाखान्यातच ठेवायची ठरली, अन् सोनिया रिक्षा बघायला पुढं निघाली. फाटकापाशी रिक्षा मिळाली. ती आत बसली, बाळाला मांडीवर घेतलं, अन् त्याला चढायला जागा करून दिली. हात मात्र दिला नाही.